आमच्या गाडीचा कणा कोणी मोडला?

मी आजवर काढलेल्या पत्रकांपैकी फक्त एक पत्रक मला घरोघर जाऊन परत मागावं लागलं. ते आमच्या गाडीच्या आवाजाबद्दल होतं.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढे तुमची सहानुभूती वाया जाणार नाही. माझं नाव संघमित्रा. अमरावतीत राहते, वय सव्वीस. रस्ता, नळ, बसथांब्याचं उडालेलं छप्पर, वसतिगृहाचा गळका संडास, काहीही बिघडलं की मी पत्रक काढते. पत्रकाची भाषा अंगात इतकी मुरली आहे की घरी भाजीत मीठ जास्त पडलं तरी माझ्या तोंडून "हे आम्ही खपवून घेणार नाही" असं निघतं. (आई म्हणते, "नको खाऊ मंग." आईवर पत्रकाच्या भाषेचा काही परिणाम होत नाही.)

आणि आमची गाडी. ती आजोबांनी एका वकिलाकडून जुनीच घेतली होती. गोल टपाची, पुढून-मागून सारखीच फुगलेली, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. आमच्या वस्तीत आलेली ती पहिली चारचाकी. आजोबा रेल्वेत फिटर होते. त्यांनी या गाडीतून वस्तीतल्या नवऱ्या सासरी पोचवल्या, बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, दहावीची पोरं परीक्षेला पोचवली. विहारातली बुद्धमूर्तीसुद्धा याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून आली, दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी धरून. आजोबा गेल्यावर गाडी बाबांकडे आली. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. ते गाडी फळ्यावर लिहिल्यासारखी चालवतात, सावकाश, सरळ, आणि मध्येच थांबून मागे कोणी बोलत तर नाही ना हे बघत.

मी मात्र गाडीचा प्रचाररथ केला होता.

त्या रविवारी आमची 'खड्डे मोजणी फेरी' होती. आमच्या कॉलनीपासून हायवेला लागणारा जो रस्ता आहे, त्याला रस्ता म्हणणं हा रस्त्यांचा अपमान आहे. गाडीच्या टपावर भोंगा आणि एका अंगाने लांबलचक कापडी फलक, दोन्ही टोकांना बांबूच्या कामट्या शिवलेला. फलक बांधायला मी अंगणातली कपडे वाळत घालायची हिरवी नायलॉनची दोरी सोडली.

"सुट्टीच्या दिवशी दोरी कावून सोडून राहिली?" आई बादली घेऊन उभी. "धुणं कुठी टाकू मी?"

"आई, दोरी जनतेच्या कामाला जाते आहे."

"जनता येते का आपलं धुणं वाळवाले?"

मोर्चाच्या वेळी वैयक्तिक प्रश्नांत अडकायचं नसतं. पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत दोरी ताणली आणि गाठी मी स्वतः मारल्या. बाबा म्हणाले, "मी पाहू का गाठी?" मी म्हटलं, "बाबा, बायकांच्या गाठींवर अविश्वास ठेवायचे दिवस गेले." बाबा निमूटपणे गाडीत बसले.

फेरी जोरात झाली. एकोणऐंशी खड्डे मोजले. (एक खड्डा इतका लांब होता की तो एक धरायचा की तीन, यावर कार्यकर्त्यांत फूट पडली.) परत येताना मी भोंग्यात बोलत होते, बाबा चालवत होते, आणि कॉलनीच्या वळणावर खाली गाडीच्या पोटात आवाज सुरू झाला. खट. खट. खटखटखट. गाडी हळू केली की आवाज हळू, जोरात नेली की जोरात.

घरासमोर उतरले तर गाडीच्या अंगाचा फलकही गायब.

दोन दुर्घटना एकदम घडल्या की सामान्य माणूस गोंधळतो. मी गोंधळले नाही. मला लगेच कळलं. फलक चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा विरोधकांनी पळवला आणि गाडीचा कणा खड्ड्यांनी मोडला. दोन्हींत कारस्थान एकच.

"आन् दोरी?" आईनं विचारलं.

"तीही चोरली, आई. बघ, किती खालच्या थराला गेले."

आईनं ओलं धुणं पाहिलं, मग मला पाहिलं, आणि धुणं फाटकावर वाळत टाकायला निघून गेली.

बाबांनी मात्र जेवताना बॉम्बच टाकला. बडनेऱ्याकडे एक ढाबेवाला आहे. त्याला कित्येक महिन्यांपासून आमची गाडी हवी होती. चालवायला नव्हे, कापायला. पुढचा अर्धा भाग गल्ल्याचं काउंटर करायचा आणि मागच्या अर्ध्याचा सोफा. त्यावर बसून लोक फोटो काढणार. बाबा त्याला दर वेळी हसून वाटेला लावायचे. त्या दिवशी हसले नाहीत.

"रविवारपर्यंत आवाज बंद झाला तं ठीक. नाई तं त्याले देऊन टाकतो."

"बाबा! आजोबांच्या गाडीचा सोफा?"

"आबांनी या गाडीतून कोणालेच अर्ध्या रस्त्यात उतरवलं नाई," बाबा ताटाकडे पाहत म्हणाले. "माह्या हातून बाळंतीण रस्त्यात उतरवल्या गेली तं? त्यापेक्षा सोफा बरा. सोफा कोणाले रस्त्यात सोडत नाई."

आता आमच्या वस्तीत कोणी बाळंतीण गेल्या कित्येक वर्षांत गाडी मागायला आली नव्हती. ऑटो आहेत, अँब्युलन्स आहे. पण बाबांच्या डोक्यात ती बाळंतीण कायम मागच्या सीटवर बसलेली असते. मी ठरवलं, आठवड्यात आवाजाचं मूळ शोधायचं आणि दोषींना उघडं पाडायचं. (यातलं दुसरं काम मी ठरल्याप्रमाणे केलं.)

सोमवारी आम्ही रहेमत चाचांच्या गॅरेजला गेलो. चाचा आजोबांच्या काळापासून या गाडीचे डॉक्टर. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा आहे. शहरातला तो एकमेव उपयोगी खड्डा, पण त्यावर एक शाळेची व्हॅन उघड्या पोटानं उभी होती, तिचा मालक आणि तिचं इंजिन दोन्ही कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. चाचांचे गुडघे गेलेले, त्यामुळे जमिनीवर आडवं होऊन गाडीखाली शिरणं त्यांनी सोडून दिलेलं.

"चाचा, खाली पाहावं लागेल नं?" मी म्हटलं.

"बेटा, खाली नवशिके पाहतात. मी कानानं पाहतो."

त्यांनी हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक गिअरबॉक्सला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले. बाबांनी इंजिन चालू केलं. गाडी उभी. चाचा ऐकत राहिले. आवाज आला नाही. येणारच नव्हता, आवाज गाडी चालताना यायचा. पण चाचांचा चेहरा इतका गंभीर होता की आम्हा कोणाची हे सांगायची हिंमत झाली नाही.

"गिअरबॉक्सचं बेरिंग," चाचांनी निकाल दिला. "तेल पिऊन गेलं आहे. तेल टाकतो. राहिलं तं ठीक, नाई तं गिअरबॉक्स उतरवा लागते."

या गाडीच्या गिअरबॉक्सला तेल आतून, पायाखालची फरशी उघडून देता येतं. चाचांनी ते दिलं. आणि सांगते काय, घरी येईपर्यंत आवाज आलाच नाही! बाबांच्या चेहऱ्यावर आजोबा दिसले. मी मनातल्या मनात 'कष्टकऱ्यांचं ज्ञान हेच खरं विद्यापीठ' अशा मथळ्याचं पत्रकही जुळवलं.

मंगळवारी सकाळी पहिल्याच वळणावर खट. खट. फट.

"फट नवीन आहे," बाबा म्हणाले.

आता मी शास्त्रीय पद्धतीनं लढायचं ठरवलं. एक छापील तक्ता तयार केला: वेग, गिअर, आवाजाचा प्रकार, आवाजाची जागा, साक्षीदाराची सही. बाबा चालवणार, मी पुढे बसून नोंदी करणार आणि आई मागे, आवाजाच्या थेट वर. आई आधी तयार नव्हती.

"मले धुणं हाये. परवा फाटकावर टाकलं, गाईनं तुह्या बाबाचा बनियन खाल्ला."

"आई, ही गाडी वाचवायची लढाई आहे."

आई बनियनचा विषय तिथेच ठेवून मागे बसली.

दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाला खट. तिसऱ्या गिअरमध्ये वीसलाच, तेवढीच खट. म्हणजे इंजिन जोरात फिरो की हळू, आवाजाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मग पुलाच्या उतारावर बाबांनी गिअर काढून गाडी नुसती सोडली. तरी खटखट चालूच. चाकं थांबली तेव्हाच आवाज थांबला.

मी विजयानं तक्त्यावर पेन आपटलं. "बाबा, आवाज चाकांच्या फिरण्याशी बांधलेला आहे. म्हणजे गिअरबॉक्स नाही. गिअरबॉक्सच्या मागचं काहीतरी. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जो लांब दांडा फिरतो, तो किंवा त्याच्यामागचा दात्यांचा गोळा."

हे निदान अगदी बरोबर होतं. मी हे मुद्दाम सांगते, कारण या संपूर्ण प्रकरणात माझं एवढंच एक वाक्य बरोबर आहे.

मागून आई म्हणाली, "हे लोखंडाचं वाटत नाई मले. लाकडाचा आवाज हाये. मोगरीनं धुणं बडवल्यावानी. ओल्या कपड्यावर मोगरी बसते नं, फट, तसा."

"आई," मी वळून समजावलं, "गाडीच्या खाली सगळं लोखंड असतं. लाकूड कुठून येणार?"

"मले काय माहीत कुठून येणार. आवाज लाकडाचा हाये."

मी तक्त्यात साक्षीदाराचं निरीक्षण म्हणून 'अप्रस्तुत' असं लिहिलं. (त्याच आठवड्यात आमच्या संघटनेचं 'घरातल्या बाईचं आधी ऐका' हे पत्रक निघालं होतं. मजकूर माझाच.)

बुधवारी मी आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून अकोल्याला मामांना पाठवला. मामा म्हणजे आईचे मोठे भाऊ. आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केले, आता निवृत्त, आणि निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या यंत्रातला बिघाड म्हणजे सणच. दोन मिनिटांत फोन आला.

"डिफ्रंशल गेलं. मागच्या चाकांमधला दात्यांचा गोळा."

"मामा, तुम्ही पूर्ण ऐकलं का?"

"आधं ऐकलं. बाकीचं आधं त्याच्यासारखंच असन. गाडी अकोल्याले आणा. अमरावतीचे मिस्त्री नुसते कान लावतात, काम करत नाई. अकोल्याच्या उन्हात लोखंड बी खरं बोलते."

गुरुवारी आम्ही तिघं अकोल्याला निघालो. मुर्तिजापूरपर्यंत बाबांनी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून येणारे ट्रकवाले हॉर्न मारून आम्हाला ओलांडताना एक क्षण खिडकीतून कान देत आणि हळहळल्यासारखी मान हलवत. सबंध वाटेत खट, खट, फट. एका ठिकाणी बाबा म्हणाले, "आबा असते तं गाडीखाली शिरले असते." आणि काटा चाळीसवरून तीसवर आणला.

आईनं मात्र सोबत ओल्या कपड्यांची पिशवी घेतली होती. दोन कुर्ते तिनं खिडकीच्या काचेत अडकवून बाहेर फडफडत ठेवले. "वारा फुकट जाऊन राहिला," असं तिचं म्हणणं. त्यातला एक माझा, निषेधसभेचा पांढरा कुर्ता.

मामांच्या अंगणात गाडी उभी राहिली. मामांनी बनियनवर, हातात पाना घेऊन, मागच्या बंपरखाली उडी घेतली, म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला. डोकं गेलं, खांदे गेले, आणि पोट बंपरला अडलं.

"मामा, अजून पुढे जावं लागेल का?"

"काही गरज नाई," बंपरखालून आवाज आला. "डिफ्रंशल इथंच असते. माह्या नाकासमोर हाये."

मामांना दिसत होतं तेवढंच त्यांनी पाहिलं, आणि जिथे रोग असावा असं त्यांना वाटत होतं तिथेच नेमका त्यांना रोग दिसला. त्यांनी गोळ्यातलं जुनं तेल थाळीत काढलं, दोन बोटांत चोळलं, उन्हाकडे धरलं. आम्ही सगळे त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. त्यात काहीतरी चमकलं.

"चुरा! पाहा. दाते झिजले."

"किती झिजले?" बाबांनी विचारलं.

"आता हे पाहा भाऊजी, चाळीस वर्षांची गाडी हाये. माह्या दातांचा बी चुरा निघाला असता."

मामी आतून म्हणाल्या, "मागच्या वेळी यायनं सायकलमध्ये बी चुरा काढला होता." मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. नवं तेल भरलं, बूच घट्ट केलं, आणि गाडीला एक चक्कर मारायला लावली. खट, फट, खसस.

"आवाज बदलला!" मामा खूश. "म्हणजे रोग हलला. आता एकच उपाय, पूर्ण मागचा गोळा बदलायचा. तो कुठी भेटत नाई."

एवढं बोलून मामा आंघोळीला गेले.

परतीच्या प्रवासात बाबांनी गाडी कडेला घेऊन ढाबेवाल्याला फोन लावला. मी समोरच्या काचेतून मुर्तिजापूरची संत्र्याची दुकानं पाहत होते आणि कानात बाबांचा आवाज: "हो, रविवारी या. टेप घेऊन या, मापं घ्या." फोन ठेवल्यावर बाबांनी स्टेअरिंगवर हात फिरवला, जसा शाळेतल्या शेवटच्या दिवशी टेबलावर फिरवला असणार.

बस्स. माझ्यातली कार्यकर्ती पेटून उठली. शुक्रवारी मी पत्रक लिहिलं. मथळा, या लेखाला दिलाय तोच. मजकूर थोडक्यात असा: अमुक रस्त्यावरील खड्ड्यांनी एका कष्टकरी कुटुंबाच्या गाडीचा कणा मोडला, त्याविरुद्ध आवाज उठवणारा फलक विरोधकांनी चोरून नेला, फलकासोबत एका मातेची कपडे वाळत घालायची दोरीही पळवण्याइतकी नीच पातळी गाठली गेली, तरी रविवारी सकाळी दहा वाजता गाडीच्या आवाजाची जाहीर सुनावणी होईल, संबंधित अभियंत्यांनी हजर राहून हा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकावा.

पत्रकाच्या पाचशे प्रती वस्तीत, कॉलनीत, बसथांब्यावर वाटल्या. एक प्रत रस्त्याच्या खात्यातल्या अभियंत्यांच्या टेबलावर ठेवून आले. ते येतील अशी मला अजिबात अपेक्षा नव्हती. आमंत्रण देण्याचा हेतूच तो असतो. ते येत नाहीत, आपण त्यांची रिकामी खुर्ची दाखवतो आणि फोटो छान येतो. मी खुर्ची आणली होती, खुर्चीवर चिकटवायला कागद आणला होता.

रविवारी दहाला पाच कमी असताना अभियंता साहेब येऊन त्या खुर्चीवर बसले.

मध्यम वयाचा, बारीक, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. हातात टॉर्च. मी भाषण सुरू करायच्या आत ते उठून गाडीभोवती फिरले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला अगदीच गैरसोयीचं काहीतरी आलं. आनंद.

"आमच्या वडिलांकडे हीच होती," ते म्हणाले. "हाच रंग. ऐकवा तुमचा आवाज."

वस्ती जमली होती. ढाबेवालाही आला होता, टेपसकट, आणि मागच्या सीटची लांबी मोजून कोणाशीतरी फोनवर "चार जण बसतात, बारीक असले तं पाच" असं बोलत होता. बाबा गाडीत बसले. वीस पावलं पुढे, वीस पावलं मागे. खट. फट. खट. मी भोंग्यात म्हटलं, "ऐका. हा आवाज नाही. हा आक्रोश आहे."

"ताई, जरा आक्रोश थांबवा," साहेब म्हणाले. "मी खाली पाहतो."

"खाली बऱ्याच जणांनी पाहिलं आहे," मी म्हटलं.

"कोणी?"

या प्रश्नाचं उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की, चाचांनी कानानं पाहिलं होतं, मामांनी पोटापर्यंत पाहिलं होतं आणि मी तक्त्यात पाहिलं होतं. गाडीखाली असं कोणीच पाहिलं नव्हतं.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या टेबलावरून पत्रकांचा एक गठ्ठा उचलला, शर्ट मळू नये म्हणून जमिनीवर एकेक करून पसरला, आणि 'आमच्या गाडीचा कणा कोणी मोडला' या प्रश्नावर पाठ टेकून ते सरपटत थेट गाडीच्या मध्यापर्यंत गेले. बाहेर फक्त त्यांचे बूट राहिले. टॉर्च लागली.

"ताई," बुटांच्या पलीकडून आवाज आला, "इथं काहीतरी हिरवं आहे."

गर्दीत मागे, कमरेवर बादली घेऊन उभी असलेली आई एकदम पुढे आली. "हिरवं? कसं हिरवं?"

"दोरी आहे. दांड्याला गुंडाळली आहे. चांगले वीस-पंचवीस वेढे. वरून ग्रीसनं काळी झाली, आतून हिरवी आहे."

"नायलॉनची?"

"हो, मावशी."

"एका टोकाले गाठ, अन् गाठीजवळ निळा धागा?"

थोडा वेळ खुडबुड. "आहे."

"माही दोरी," आईनं गर्दीला सांगितलं. फार शांतपणे सांगितलं.

मी अजूनही सावरले असते. मी म्हणाले असते की चोरांनी दोरी मुद्दाम गाडीत गुंडाळली. वाक्य तयारही झालं होतं. पण साहेब आतून बोलतच होते.

"दोरीच्या टोकाला बांबूची कामटी आहे. अर्धी मोडलेली. मध्येच दोरीत अडकली की गप्प, नाहीतर दांडा फिरला की हीच गाडीच्या तळावर आपटते. खट. आणि कामटीला कापडाचा तुकडा आहे, तो फट. कापडावर काहीतरी लिहिलेलं आहे. वाचू का?"

"नको," मी म्हटलं.

"वाचा, वाचा," वस्ती म्हणाली. लोकशाहीत बहुमताचा मान ठेवावा लागतो.

साहेबांनी टॉर्च धरून, एकेक अक्षर जोडत, शाळेतल्या पोरासारखं वाचलं: "आपली नम्र... संयोजिका... संघमित्रा."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "सापडला वो चोर."

बाबांनी गाडीतून मान बाहेर काढून मला पाहिलं. ते रागावले नव्हते. तपासायला घेतलेल्या पेपरात हुशार मुलानं पहिल्याच बेरजेत चूक केलेली दिसावी, तसे पाहत होते. "गाठी," ते एवढंच म्हणाले.

साहेबांनी चाकूनं दोरी कापायला सुरुवात केली, तर आई खाली वाकली. "कापू नका साहेब. सोडवा. चांगली दोरी हाये." पाऊण तास त्या माणसानं आमच्या गाडीखाली पडून एकेक वेढा उलटा फिरवून दोरी सोडवली, आणि पाऊण तास आई बाजूला बसून बाहेर येणारी दोरी कोपरावर गुंडाळत राहिली. मधून मधून ती काही बोलेल, म्हणून मी वाट पाहत होते. लाकडाचा आवाज आहे असं आपण मंगळवारीच म्हटलं होतं, हे तिनं एकदाही काढलं नाही. तिनं ते काढलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

मग बाबांनी गाडी सुरू केली. वस्तीच्या टोकापर्यंत नेली, वळवली, परत आणली. आवाज नव्हता. फक्त इंजिनाची जुनी घरघर, आणि बाबांनी हॉर्न वाजवला, काही कारण नसताना, दोनदा. ढाबेवाल्यानं टेप गुंडाळली. बाबा खाली उतरून त्याच्याजवळ गेले.

"सोफा दुसरीकडे पाहा भाऊ," ते म्हणाले. "ही चालून राहिली."

जाताना साहेब मला म्हणाले, "खड्ड्यांचं मात्र पत्रकात खरं लिहिलंय. येताना माझीच गाडी दोनदा आपटली." पुढच्या आठवड्यात त्या रस्त्यावरचे मोठे खड्डे बुजवले गेले, आणि लोक म्हणू लागले की संघमित्राच्या आंदोलनाला यश आलं. मी नाकारलं नाही. मी तेव्हा पत्रकं परत गोळा करत फिरत होते. पाचशेपैकी तीनशे दहा परत मिळाली. बाकीच्यांत लोकांनी पोळ्या गुंडाळल्या होत्या. रहेमत चाचांनी एक प्रत गॅरेजात लावून घेतली आहे आणि गिऱ्हाइकांना सांगतात की गिअरबॉक्सचं निदान त्यांनीच केलं होतं. मामा म्हणतात, डिफ्रंशलला धोका होताच, वेळेवर तेल बदललं म्हणून टळला.

दोरी पुन्हा अंगणात बांधली गेली. आईनं तिला सोड्यानं तीनदा धुतलं, पण ग्रीस नायलॉनमध्ये मुरलं ते मुरलंच. आता त्या दोरीवर वाळत टाकलेल्या माझ्या प्रत्येक पांढऱ्या कुर्त्यावर पाठीवर आडवी, बोटभर जाड, काळी रेघ उमटते. कुर्ते बदलून पाहिले, रेघ बदलत नाही. मागच्या सभेत एक नवी कार्यकर्ती हळूच जवळ येऊन म्हणाली, "ताई, पोलिसांची लाठी बसली का हो?"

मी खाली मान घालून म्हटलं, "चळवळीत असं व्हायचंच."